लाडक्याचे आडनाव

आडनाव ही वस्तू मोठी विलक्षण आहे. ती आपण मागून घेत नाही, पारखून घेत नाही. जन्मताच ती गळ्यात पडते आणि मग शोभो वा न शोभो, आयुष्यभर मिरवावी लागते. गोऱ्यांच्या घरी सावळी मुले जन्मतात. काळ्यांच्या घरी गोरीपान सून येते आणि उंबरठा ओलांडताच काळे होते! या गमती आपण लहानपणापासून पाहत आलो, त्यामुळे त्यांचे नवल आता उरलेले नाही. ते पुन्हा वाटायला हवे असेल, तर थोडे लांब जाऊन परक्यांची आडनावे पाहावीत. म्हणून या दिवाळीला आपले हे शब्दांचे सदर फ्रान्स देशी नेतो आहे. तेथले एक अगदी विरळ आडनाव मी आजच्यासाठी निवडले आहे. ते म्हणजे 'बिएनेमे'.

या आडनावाचा अर्थ लावायला कोशकाराची गरज नाही. दोन साधे फ्रेंच शब्द त्यात जोडलेले आहेत. पहिल्याचा अर्थ 'चांगले, भरपूर'; दुसऱ्याचा 'ज्याच्यावर प्रेम केले आहे तो'. दोन्ही एकत्र उच्चारले की 'बिएनेमे' होते. आपल्या भाषेत सांगायचे तर 'सुप्रिय', आणि घरगुती बोलीत 'लाडका'. कोणाही माणसाने हेवा करावा असे हे आडनाव आहे. फ्रान्सच्या राजांनादेखील ही पदवी सहजासहजी मिळाली नाही. पंधरावा लुई १७४४ साली मेत्स या गावी फार आजारी पडला, सारा देश हवालदिल झाला, आणि तो त्यातून उठला तेव्हा लोकांनी त्याला 'बिएनेमे' म्हटले. पुढे तोच राजा लोकांच्या मनातून पार उतरला, पण पदवी मात्र इतिहासात चिकटून राहिली. त्याच्याही पूर्वी सहावा चार्ल्स 'लाडका' म्हणवला गेला होता आणि त्याच राजाला लोक 'वेडा' असेही म्हणत. लोकांनी दिलेल्या नावांचे हे असे असते.

पण राजांची पदवी निराळी आणि सामान्य घराण्याचे आडनाव निराळे. ते कसे आले, हे समजून घ्यायला जरा मागे जावे लागेल. मध्ययुगाच्या आरंभी फ्रान्समध्ये माणसाला एकच नाव असे. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले. ती नावेही मोजकीच होती. संतांची नावे ठेवण्याची चाल पडल्यावर तर एकेका गावात पाच-सात ज्याँ आणि तितकेच प्येर झाले. कर कोणी भरला, शेत कोणाच्या नावावर, हे कळेना. तेव्हा अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास नावाला एक शेपूट जोडले जाऊ लागले आणि तेच हळूहळू बापाकडून मुलाकडे जाऊ लागले.

या शेपटांच्या चार जाती आहेत. पहिली जात बापाच्या किंवा संताच्या नावावरून आलेली. मार्तँ, बर्नार, तोमा ही त्यांतली. दुसरी राहत्या ठिकाणावरून. पुलापाशी राहणारा तो द्यूपाँ, रानाजवळचा तो द्युब्वा. आपले 'कर' शेवटी लागतात, त्यांचे आरंभी लागतात, एवढाच फरक. तिसरी जात धंद्यावरून. लोहार तो लफेव्र, पाव भाजणारा तो बुलांजे, भट्टी सांभाळणारा तो फुर्निए. चौथी आणि सर्वांत मौजेची जात म्हणजे टोपणनावांची. तांबूस केसांचा तो लरू, थोराड अंगाचा तो लग्राँ, आणि चणीने लहान असेल तो पती. होय, फ्रेंच भाषेत 'पती' म्हणजे लहान! आमच्या गृहिणी वाचकांनी या माहितीचा गैरफायदा घेऊ नये, एवढीच विनंती.

आपला 'बिएनेमे' या चौथ्या जातीत बसतो, पण त्याचा एक पाय पहिल्या जातीतही आहे. फ्रान्समध्ये मुलाला शुभ अर्थाचे नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. 'देवाने दिलेला' या अर्थाचे द्यदोने हे नाव तेथे आहे; आपल्या देवदत्ताचा तो सख्खा भाऊच. 'तुझे स्वागत असो' अशा अर्थाचे ब्यँव्हन्यू आहे. नवसासायासाने झालेल्या मुलाला अशी नावे शोभून दिसतात. 'बिएनेमे' हेही त्याच पंगतीतले. म्हणजे कोणा आईबापांनी मुलाचे नावच 'लाडका' ठेवले असेल, किंवा गावाने कोणा हसऱ्या माणसाला ते चिकटवले असेल. दोन्ही वाटा खुल्या आहेत, आणि दोन्हींच्या तोंडाशी कोणीतरी कोणावर माया केलेली आहे.

लोकांच्या जिभेवरचे हे शब्द कागदावर कसे आले, तीही एक कथाच आहे. इ. स. १५३९ साली राजा पहिला फ्रान्सिस याने व्हिलेर-कोतरे येथून एक मोठा हुकूम काढला. कोर्टकचेऱ्यांचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहावेत आणि पाद्र्यांनी बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवावी, असे त्यात होते. पुढे १५७९ च्या हुकमाने लग्ने आणि मर्तिकेही नोंदली जाऊ लागली. आता नाव वहीत चढले खरे. पण ते लिहायचे कसे, याला नियम नव्हता. पाद्रीबुवांच्या कानाला जसे ऐकू येई तसे ते लिहीत. काही लेखनिक विद्वान असत. आपले लॅटिन दिसावे म्हणून ते उच्चारात नसलेली अक्षरे मध्ये घुसडत. लफेव्र या लोहाराच्या नावात एक मुका 'ब' बसला आहे तो असाच, लॅटिन 'फाबेर'ची आठवण म्हणून! 'बिएनेमे'चेही तसेच झाले. कोणी ते अलीकडच्या वळणाने लिहिले, कोणी मधल्या 'आय'च्या जागी जुन्या लिपिकांचा लाडका 'वाय' घातला, कोणी दोन शब्दांमध्ये आडवी रेघ ओढली. उच्चार एक, अर्थ एक, आणि घराणी तीन.

राज्यक्रांतीने या वह्या पाद्र्यांच्या हातून काढल्या. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद नगरकचेरीकडे आली. २३ ऑगस्ट १७९४ रोजी दुसरा कायदा झाला. जन्मनोंदीत जे नाव आहे त्याखेरीज दुसरे नाव कोणाही नागरिकाने लावू नये, असे त्याने ठरवले. या कायद्याचा एक परिणाम आपल्याकडच्या वाचकांना चकित करील. फ्रेंच स्त्रीचे कायद्याने खरे आडनाव म्हणजे तिच्या जन्माचे, अर्थात माहेरचे. लग्नानंतर ती नवऱ्याचे आडनाव लावू शकते, पुष्कळजणी लावतातही. पण ती वहिवाट आहे. दप्तरात ती मरेपर्यंत माहेरचीच राहते. ती मात्र ते आडनाव आपल्या मुलांना देऊ शकत नसे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

आता थोडी खानेसुमारी. फ्रान्स हा आडनावांच्या बाबतीत अतिशय श्रीमंत देश आहे. लेखनातले बारीक फरक धरले तर तेथील आडनावांची संख्या दहा लाखांच्या पलीकडे जाते. उत्तरेची बोली, दक्षिणेची बोली, ब्रेतन, बास्क, अल्सेसकडची जर्मन, कॉर्सिकाची इटालियन वळणाची भाषा, अशी एकाच देशात भाषांची दाटी. त्यामुळे ही बरकत. सर्वांत अधिक आढळणारे आडनाव मार्तँ, संत मार्तँच्या पुण्याईने आलेले. दोन लाखांहून अधिक लोक ते लावतात. पण हजार फ्रेंच माणसे गोळा केली, तर त्यांत मार्तँ निघतील फार तर तीन-चार. उरलेल्या आडनावांपैकी बहुसंख्य अशी की, त्यांची सारी मंडळी एका लग्नाच्या मांडवात मावतील. 'बिएनेमे' हे त्या विरळ आडनावांच्या गोतावळ्यातले; त्यातही 'वाय'चे बिएनेमे अधिकच तुरळक.

फ्रान्सबाहेर मात्र या नावाने निराळाच रंग दाखवला आहे. इटलीत संगमरवराच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कारारा गावी १७९५ साली लुइजी बिएनेमे जन्मला. रोममध्ये थोरवाल्डसेन या नामांकित शिल्पकाराच्या कार्यशाळेत तो तयार झाला आणि स्वतः शिल्पकार म्हणून गाजला. त्याहून दूरची कथा हैतीची. कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून लाखो गुलाम आणले होते. गुलामाला आडनाव नसे. मालक देईल ते एकच नाव. गुलामांनी बंड केले, ते लढले, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. मग एकट्या माणसाचे ते एकेरी नावच पुष्कळ ठिकाणी पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. म्हणूनच ज्याँ-बाप्तीस्त, प्येर-लुई अशी मूळची पाळण्यातली नावे तेथे आडनावे म्हणून सर्रास दिसतात. 'बिएनेमे' हेही त्या बेटावर चांगलेच रुळलेले आहे. जुन्या पत्र्याच्या पिंपांतून सुंदर शिल्पे कापून काढणारा गाब्रिएल बिएनेमे हा कलावंत तिथलाच, क्रुआ-दे-बुके गावचा. फ्रान्समध्ये जे नाव विरळ झाले, ते समुद्रापार, ज्यांच्यावर मालकांनी कधी माया केली नाही त्यांच्या नातवंडा-पणतवंडांत भरभराटले.

आता ज्याच्यासाठी हे आडनाव निवडले, त्या गृहस्थाकडे वळतो. इरेने-ज्यूल बिएनेमे हा १७९६ साली पॅरिसमध्ये जन्मला. गणिताची बुद्धी तल्लख, पण पोटासाठी त्याने अर्थखात्याची नोकरी धरली आणि तो महानिरीक्षकाच्या हुद्द्यापर्यंत चढला. १८४८ च्या क्रांतीच्या उलथापालथीत त्या जागेवरून त्याला दूर व्हावे लागले. १८५२ साली तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सभासद झाला. हा सरकारी हिशेबनीस फावल्या वेळात संभाव्यतेचे गणित करी.

त्या काळी फ्रान्समध्ये एका प्रश्नाची चर्चा चालू होती. जुनी सरदार घराणी एकामागून एक नामशेष का होतात? कोणी म्हणे, ऐषारामाने रक्त पातळ झाले. कोणी म्हणे, हा पापाचा झाडा. बनवास्तों द शातोनफ नावाच्या अभ्यासकाने सरदार घराण्यांच्या आयुर्मानावर लेखही लिहिला. बिएनेमेने हा प्रश्न नीतीच्या चावडीवरून उचलला आणि गणिताच्या पाटीवर मांडला. १८४५ साली त्याने दिलेले उत्तर थोडक्यात असे की, आडनावे मरतात त्याला पाप लागत नाही, नुसती पाळी लागते.

हे कसे, ते आपण घरच्या घरी पाहू. समजा, एका गावात १०० पुरुष आहेत आणि त्यांची आडनावे १००, म्हणजे प्रत्येकाचे वेगळे. दर चौघांपैकी एकाला मुलगा नाही, दोघांना एकेक मुलगा आणि एकाला दोन, असे प्रमाण दर पिढीत चालू आहे. म्हणजे सरासरीने बापामागे एक मुलगा. वस्ती वाढत नाही की घटत नाही. आता आडनावे मोजा. पहिल्या पिढीअखेर २५ गेली, ७५ उरली. दुसऱ्या पिढीअखेर सुमारे ६१. तिसरीत ५२. दहाव्या पिढीला, म्हणजे अंदाजे तीनशे वर्षांनी, उरली २६! गाव तेवढेच, घरे तेवढीच, चुलीही तेवढ्याच. आडनावे मात्र चतुर्थांश. न साथ आली, न लढाई झाली, न कोणाचा शाप भोवला. वाचक म्हणतील, वस्ती वाढती असती तर? समजा, चौघांपैकी एकाला मुलगा नाही, एकाला एक आणि दोघांना दोन-दोन. गाव पिढीमागे सव्वापट फुगते आहे. तरीसुद्धा मूळच्या आडनावांपैकी निम्मी अखेर जातातच. आरंभीच्या दोन-चार पिढ्यांत जो तगला तो तगला.

सरासरीने बापामागे एक किंवा त्याहून कमी मुलगा असेल, तर कोणतेही आडनाव आज ना उद्या संपणारच. एकाहून अधिक असेल, तर काही टिकतील. हा सिद्धांत बिएनेमेने बरोबर सांगितला. पण तो छापला गेला त्रोटक स्वरूपात आणि कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. पुढे १८७३ साली इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टनने हाच प्रश्न एका नियतकालिकात विचारला आणि रेव्हरंड हेन्री वॉटसन यांनी तो सोडवला. त्यांचे उत्तर अंशतः चुकले होते. वस्ती वाढती असली तरी सगळीच आडनावे संपतील, असे त्यातून निघत होते. तरी शास्त्रात नाव लागले ते 'गाल्टन-वॉटसन' यांचे. बिएनेमेच्या बाबतीत असे दोनदा घडले. १८५३ साली त्याने मांडलेली संभाव्यतेतली एक महत्त्वाची असमानता १८६७ साली रशियन गणिती चेबिशेव्ह यानेही मांडली, आणि पाठ्यपुस्तकांत ती चेबिशेव्हची म्हणूनच शिकवली जाऊ लागली. चेबिशेव्ह त्याचा स्नेही होता आणि बिएनेमेचे श्रेय त्याने मोकळेपणाने मान्यही केले होते. पाठ्यपुस्तकांना त्याची आठवण राहिली नाही, इतकेच.

दैवाचा खेळ पाहा. मे १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या दिवसांत नगरभवन जळाले आणि न्यायमंदिरही जळाले. नोंदवह्यांची मूळ प्रत एकीकडे, नक्कल दुसरीकडे, अशी व्यवस्था होती. दोन्ही एकाच वेळी भस्म झाल्या. १८६० पूर्वीच्या सुमारे ८० लाख नोंदी नष्ट झाल्या. पुढे कागद जमवून त्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच पुन्हा तयार करता आल्या. १७९६ साली त्याच शहरात जन्मलेल्या बिएनेमेच्या नावाची नोंदही त्या वह्यांत असणार. आडनावांच्या मरणाचे गणित मांडणारा तो गृहस्थ तेव्हा पंचाहत्तरीत होता. १८७८ साली तो वारला.

या गणितात जे हळूहळू घडते, ते लढाईने घाईने घडवले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक पडले. विरळ आडनावे बहुधा एकेका मुलखातली असतात; आणि युद्धाच्या आरंभी पलटणीही मुलखावारीने भरलेल्या. एका सकाळी पलटण कापली गेली की चार गावांची आडनावे संपत. त्या दुःखातून २ जुलै १९२३ चा कायदा आला. घराण्यातला अखेरचा पुरुष निपुत्रिक असताना देशासाठी पडला असेल, तर त्याच्या सर्वांत जवळच्या वारसाने ते आडनाव आपल्या आडनावाला जोडून जिवंत ठेवावे, अशी मुभा त्याने दिली. १९९३ पासून तर आजोळचे किंवा इतर जवळच्या आप्ताचे आडनाव संपत चालले असेल, तर चौथ्या पायरीपर्यंतच्या नातेवाइकाला ते मागून घेता येते. सरकारनेच कबूल केले, की आडनाव विझणे ही हळहळण्याजोगी गोष्ट आहे.

पण खरी उलथापालथ केली ती ४ मार्च २००२ च्या कायद्याने. तो १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. त्या दिवसापासून आईबाप आपल्या अपत्याला बापाचे, आईचे किंवा दोघांचीही आडनावे, हव्या त्या क्रमाने देऊ शकतात. भाषेच्या माणसाला त्यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. फ्रेंच कायद्यात आडनावाला आजवर 'बापाचे नाव' या अर्थाचा शब्द होता. तो काढून 'कुटुंबाचे नाव' असा शब्द घातला गेला. आणि १ जुलै २०२२ पासून कोणाही सज्ञान फ्रेंच माणसाला, आयुष्यातून एकदा, नुसता नगरकचेरीत अर्ज देऊन बापाच्या जागी आईचे आडनाव घेता येते.

आता मघाचे आपले गाव पुन्हा आठवा. तीनशे वर्षांनी ७४ आडनावे गेली, म्हणून आपण हळहळलो. पण त्या ७४ घराण्यांतल्या पुष्कळ घरी मुली होत्या. त्या कोठे गेल्या? त्याच गावात नांदल्या. दुसऱ्या आडनावांच्या घरांत त्यांनी दिवे लावले, त्यांची मुले वाढवली, त्या घरांच्या आज्या-पणज्या झाल्या. उरलेल्या २६ आडनावांची जी मंडळी गावात आहेत, त्यांच्या अंगात त्या गेलेल्या घराण्यांचेही रक्त आहे. संपली होती ती वहीतली एक ओळ. मोजणाऱ्याने मुली मोजल्याच नव्हत्या, म्हणून त्याला गाव ओस पडत चाललेला दिसला.

मुलगा म्हणजे वंशाचा दिवा, असे आपल्याकडे अजूनही म्हणतात. आणि ज्या घरात सगळ्या मुली, तेथे सणासुदीला कोणीतरी वडीलधारे माणूस सुस्कारा टाकते. त्या सुस्काऱ्यापायी किती माउल्यांनी मुकाट्याने काय काय सोसले, ते आपल्या घराघरांना ठाऊक आहे. अशा वेळी या फ्रेंच हिशेबनिसाचे गणित कोणीतरी समजावून सांगावे. केवळ मुलांच्या वाटेने निघालेली बहुतेक घराणी अखेर नावापुरती संपतातच, मग ती सरदारांची असोत की लोहारांची. त्याचा ठपका कोणा सुनेवर नाही. दिवा विझला असे वाटते तेव्हा बहुधा त्याची ज्योत शेजारच्या पणतीला लागलेली असते.

खुद्द बिएनेमेचे काय झाले? १९७२ साली हाइड आणि सेनेटा या दोन अभ्यासकांनी जुने कागद चाळताना त्याचा १८४५ चा लेख उजेडात आणला. तेव्हापासून पुष्कळ ग्रंथांत त्या सिद्धांताला 'बिएनेमे-गाल्टन-वॉटसन' असे म्हणतात, आणि ती असमानताही 'बिएनेमे-चेबिशेव्ह' झाली. सव्वाशे वर्षांनी नाव परत आले, आणि ते आणले दोन परक्या माणसांनी, ज्यांचा त्याच्याशी नात्याचा काडीचा संबंध नव्हता. मध्ययुगातल्या कोण्या अनाम माणसाला कोणीतरी 'लाडका' म्हटले, तेव्हा त्यालाही आपले नाव कोठवर जाईल याची कल्पना नसेल. नाव टिकवायला पुत्र लागतात, असे वहीवाले म्हणतात. मला वाटते, आठवण ठेवणारा कोणी भेटला तरी पुरे.